गुंडाळीच्या पडद्याची साखळी आणि ताणकडी

घरातील ज्या वस्तूंना माणसाचा हात दिवसातून अनेकदा लागतो, त्यांच्या अंतरंगाकडे त्याचे लक्ष क्वचितच जाते. खिडकीवरील गुंडाळीचा पडदा ही अशीच एक वस्तू होय. साखळी ओढली की पडदा खाली येतो आणि उलट ओढली की वर जातो. तो मध्येच सोडला तरी आहे तेथेच थांबतो. शहरांतील नव्या घरांत आणि कचेऱ्यांत हा पडदा आता सर्वपरिचित झाला आहे. त्याच्या बाजूला लोंबणारी मण्यांची साखळी मात्र लहान मुलांच्या जिवाला धोकादायक ठरू शकते, ही गोष्ट तितकीशी सर्वपरिचित नाही. हा धोका कसा उद्भवतो आणि दोन स्क्रूंनी भिंतीवर बसणारे एक साधे साधन त्याला आळा कसा घालते, याचे विवरण पुढे केले आहे.

स्प्रिंगचा रूळ

या पडद्याच्या इतिहासातील महत्त्वाचा टप्पा म्हणजे स्ट्युअर्ट हार्टशॉर्न या अमेरिकन संशोधकाने १८६४ मध्ये घेतलेले स्प्रिंगच्या रुळाचे पेटंट. न्यू जर्सी राज्यात १८७७ पासून शॉर्ट हिल्स ही वसाहत उभारणारा गृहस्थ तो हाच. त्याच्या योजनेत पडद्याचे कापड एका लाकडी रुळावर गुंडाळलेले असते आणि रुळाच्या पोकळ भागात एक लांब स्प्रिंग बसविलेली असते. रुळाच्या एका टोकाची खीळ गोल असून ती आपल्या खोबणीत मोकळी फिरते. दुसऱ्या टोकाची खीळ चपटी असल्यामुळे ती मुळीच फिरत नाही. स्प्रिंगचे एक टोक या अचल खिळीला आणि दुसरे रुळाला जोडलेले असते. पडदा खाली ओढला की रूळ फिरतो, स्प्रिंगला पीळ बसतो आणि ओढणाऱ्या हाताने खर्च केलेली शक्ती तिच्यात साठून राहते. पडदा वर चढतो तो याच साठलेल्या शक्तीवर.

पडदा हवा तेथे थांबविण्याचे काम दातेरी चाक आणि त्यात पडणारी एक लहानशी खिटी ही दोघे मिळून करतात. रूळ सावकाश फिरत असता खिटी स्वतःच्या वजनाने चाकाच्या दातात पडते आणि रूळ अडतो. रूळ वेगाने फिरू लागला म्हणजे केंद्रोत्सारी प्रेरणेने खिटी बाहेरच्या बाजूस फेकली जाते आणि दातात पडू शकत नाही. म्हणूनच असा पडदा किंचित खाली ओढून सोडला की सरसर वर जातो आणि हाताने आवरून हळू सोडला की थांबतो.

या रचनेत लोंबणारी दोरी किंवा साखळी नव्हती, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवावी. पडद्याच्या खालच्या पट्टीला हात लावावा आणि ओढावे, इतकाच तिचा व्यवहार होता.

साखळी कशासाठी आली

स्प्रिंगच्या रुळात काही उणिवा होत्या. कालांतराने स्प्रिंग ढिली पडे आणि पडदा अर्ध्यावरच रेंगाळे. तो हातातून निसटला तर धाडकन वर जाई. उंच खिडकीवरील पडद्याच्या पट्टीपर्यंत हात पोहोचत नसे. रुंद व जड पडद्यांना तर एका स्प्रिंगची शक्ती अपुरी पडे. या अडचणींवरचा उपाय म्हणून साखळीचा रूळ प्रचारात आला.

या रुळाच्या एका टोकाला दातेरी चाक असते आणि त्यावरून मण्यांची एक अखंड साखळी फिरते. चाकाच्या आत एका अचल दांड्याभोवती तारेची गुंडाळी घट्ट बसविलेली असते. कापडाचे वजन रुळाला खाली फिरवू पाहते, तेव्हा ही गुंडाळी दांड्याला अधिकच आवळते आणि पडदा जागच्या जागी राहतो. साखळी ओढली की चाक त्या गुंडाळीचे टोक उलट दिशेने ढकलते, तिची पकड सैल होते आणि रूळ फिरू लागतो. ही युक्ती खरोखर चतुर आहे. मात्र तिच्यासाठी साखळीची दोन्ही टोके जोडून एक बंद कडे करावे लागते. ते मोकळे लोंबत राहिले म्हणजे एक तयार फासच होय.

धोक्याचे स्वरूप

मानवी गळ्यातील वाहिन्या किती अल्प दाबाने बंद होतात, याची सर्वसामान्य माणसाला कल्पना नसते. न्यायवैद्यकाच्या ग्रंथांत दिलेले प्रौढ माणसाचे स्थूल आकडे असे आहेत: मेंदूकडून रक्त परत आणणाऱ्या शिरा सुमारे २ किलो भाराने दबतात, मेंदूला रक्त पुरविणाऱ्या प्रमुख रोहिण्या सुमारे ५ किलो भाराने आणि श्वासनलिका सुमारे १५ किलो भाराने. एक वर्षाच्या मुलाचे वजन साधारणतः ९ ते १० किलो असते. अर्थात मूल पूर्णपणे लटकण्याची गरजच नसते. गुडघे टेकलेले किंवा अर्धवट बसलेले मूल फासावर नुसते रेलले, तरी एवढा भार सहज पडतो.

याहून भयंकर बाब अशी की, हा अपघात निःशब्द असतो. गळा आवळलेल्या मुलाला रडता येत नाही. काही सेकंदांतच त्याची शुद्ध हरपते आणि प्राणवायूवाचून काही मिनिटांतच मेंदूला कायमची इजा होते. शेजारच्या खोलीत आई असली तरी तिला काहीच ऐकू येत नाही.

अमेरिकेत १९८१ ते १९९५ या काळात खिडकीच्या पडद्यांच्या दोऱ्या व साखळ्या यांमुळे मुलांचे १८३ मृत्यू झाल्याचे १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय पाहणीत नोंदले गेले. त्यांतील बहुसंख्य मुले तीन वर्षांची किंवा त्याहून लहान होती. १९९६ पासून त्या देशात पडद्यांच्या सुरक्षिततेसाठी उद्योगाने स्वतःहून स्वीकारलेले प्रमाण अस्तित्वात आले. तरीही पाच वर्षांपर्यंतची सरासरी सुमारे ९ मुले दर वर्षी अशा रीतीने मृत्यू पावतात, असे तेथील ग्राहक-उत्पादन सुरक्षा आयोगाने पुढेही वारंवार सांगितले आहे.

तीन वर्षांच्या आतील मुलेच अधिक का सापडतात, हे उघड आहे. या वयाचे मूल चढू शकते आणि हाताला येईल ते गळ्यात घालू शकते, परंतु गळ्यात अडकलेले सोडविण्याची समज त्याला नसते. शिवाय लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते, त्यामुळे तोल गेला की ते डोक्याच्या बाजूनेच पुढे कलते.

ताणकडी म्हणजे काय

लोंबत्या साखळीचा फास होतो तो ती सैल असल्यामुळे. तीच साखळी वीणेच्या तारेप्रमाणे ताणून धरली, तर तिच्या दोन पदरांमध्ये मुलाचे डोके शिरण्यास वाव उरत नाही. साखळी ताणून धरणाऱ्या साधनाला ‘ताणकडी’ हे नाव शोभेल. बोटभर लांबीच्या प्लॅस्टिकच्या घरट्यात एक लहान चाक किंवा गोलसर खाच असते. साखळीचा खालचा वळसा तीतून जातो आणि घरटे दोन स्क्रूंनी भिंतीस किंवा चौकटीस पक्के केले जाते. साखळी पूर्वीसारखीच फिरते, पडदाही पूर्वीसारखाच चढतो व उतरतो. फरक इतकाच की, साखळीचे खालचे टोक आता मोकळे नसते.

सैलपणाचे गणित

ताणकडी बसविली म्हणजे काम संपले, असे मात्र समजू नये. साखळी किती ताणलेली आहे यावर सारे अवलंबून असते आणि या बाबतीत डोळ्यांचा अंदाज हमखास फसतो. एक उदाहरण घेऊ.

समजा, वरच्या चाकापासून ताणकडीपर्यंतचे अंतर १ मीटर आहे आणि साखळीचे दोन पदर एकमेकांपासून ४ सेंटिमीटरवर आहेत. मध्यभागी त्यांच्यात १५ सेंटिमीटरची, म्हणजे लहान मुलाचे डोके शिरेल इतकी फट पडावयाची, तर प्रत्येक पदराला ५.५ सेंटिमीटर बाजूस सरकावे लागेल. तेव्हा प्रत्येक पदराचे दोन तिरपे भाग होतील. ५० सेंटिमीटर व ५.५ सेंटिमीटर या बाजूंच्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण, तीच अशा एका भागाची लांबी. पायथागोरसच्या सिद्धांताने ती सुमारे ५०.३ सेंटिमीटर भरते. म्हणजे एका पदराला जास्त लागणारी लांबी अवघी ०.६ सेंटिमीटर आणि दोन्ही पदरांना मिळून १.२ सेंटिमीटर.

एक मीटर उंचीच्या साखळीत केवळ बोटाच्या जाडीइतका सैलपणा राहिला, तरी मुलाचे डोके जाईल एवढी फट पडू शकते, हा या गणिताचा निष्कर्ष आहे. ताणकडी ‘साधारण घट्ट’ असून भागत नाही ते यामुळेच.

बसविण्याची रीत

प्रथम ताणकडी साखळीच्या खालच्या वळशात अडकवावी आणि साखळी सरळ ताठ होईपर्यंत ती खाली ओढावी. मात्र वरचे चाक जड फिरू लागेल इतका ताण देऊ नये. त्या जागी भिंतीवर पेन्सिलीने खूण करावी. लाकडी चौकट असल्यास स्क्रू सरळ बसवावेत. विटांची किंवा काँक्रीटची भिंत असल्यास भोक पाडून त्यात स्क्रू धरून ठेवणारी प्लॅस्टिकची गिट्टी ठोकावी आणि मगच स्क्रू पिळावेत. चिकटपट्टीने ताणकडी डकविण्याचा मोह टाळावा. उन्हाने तापणाऱ्या खिडकीजवळ चिकटपट्टीची पकड लवकर सुटते.

त्यानंतर साखळीचे दोन्ही पदर मध्यभागी धरून एकमेकांपासून दूर ओढून पाहावेत. वर सांगितलेल्या उदाहरणात १५ सेंटिमीटरची फट धोक्याची ठरली. त्या मानाने फट सहज मोठी होते असे दिसल्यास ताणकडी थोडी खाली सरकवून पुन्हा बसवावी. हीच परीक्षा महिन्यातून एकदा करावी, कारण वापराने स्क्रू ढिले होतात.

नवा पडदा घेताना साखळी मुळातच आखूड मागावी. २०१४ मध्ये सुधारलेल्या युरोपीय प्रमाणाने अशी साखळी जमिनीपासून किमान १.५ मीटर उंच राहावी असा दंडक घातला आहे. पडद्याचा रूळ जमिनीपासून २.१ मीटर उंच असेल, तर त्या हिशेबाने साखळी ६० सेंटिमीटरपेक्षा खाली लोंबता कामा नये. काही साखळ्यांच्या जोडाची योजना अशी असते की, सुमारे ६ किलो भार पडताच तो आपोआप सुटतो. ताणकडीच्या जोडीला असा जोड असणे इष्ट होय.

पाळणा, खाट, दिवाण, खुर्ची किंवा पुस्तकांची मांडणी खिडकीखाली ठेवू नये, ही काळजी तर कोणत्याही साधनावाचून घेता येते. उंच बांधलेली साखळी चढून गेलेल्या मुलाच्या हाती सहज लागते. चिकाच्या पडद्यांच्या दोऱ्यांनाही हेच लागू आहे. त्या सोडून न देता मुलाच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर खुंटीला गुंडाळून ठेवाव्यात.

साधनाची मर्यादा

ताणकडीचे मूल्य मोठे असले, तरी ती माणसाच्या दक्षतेवर अवलंबून असते. कोणी खोली रंगविण्यासाठी ती काढली आणि पुन्हा बसविण्यास विसरले, की फास पूर्ववत होतो. म्हणून नंतरच्या नियमांचा रोख फास आवरण्याऐवजी तो मुळातून नाहीसा करण्याकडे वळला. अमेरिकन प्रमाणाच्या २०१८ मधील आवृत्तीने दुकानांत तयार मिळणारे पडदे दोरीविना किंवा हाताला न लागणाऱ्या दोरीचेच असावेत, असे ठरविले. २०१९ मध्ये केलेल्या कॅनडाच्या नियमांनी हाताला लागणाऱ्या दोरीची लांबी २२ सेंटिमीटरपर्यंत आणि कड्याचा घेर ४४ सेंटिमीटरपर्यंत मर्यादित केला. या दुसऱ्या आकड्याचे मर्म समजण्यास फार दूर जावयास नको. एक वर्षाच्या मुलाच्या डोक्याचा घेर सुमारे ४६ सेंटिमीटर असतो. जे कडे त्या डोक्यावरून उतरू शकत नाही, ते त्या गळ्याचा फासही होऊ शकत नाही.

या नियमांमुळे स्प्रिंगचा रूळ पुन्हा पुढे आला आहे. आजच्या रुळांत स्प्रिंगबरोबर वेग आवरणारी योजनाही असते, त्यामुळे पडदा धाडकन वर जात नाही. पट्टीला हात लावून पडदा खाली ओढावा, ही १८६४ ची रीत अशा प्रकारे नव्या कारणासाठी पुन्हा स्वीकारली जात आहे. ज्यांना नवा पडदा घेणे शक्य आहे, त्यांनी लहान मुलांच्या खोलीसाठी बिनसाखळीचाच पडदा निवडावा. परंतु साखळीचे पडदे आज असंख्य घरांत लागलेले आहेत आणि ते एका दिवसात बदलले जाणार नाहीत. तोवर दोन स्क्रू, एक ताणकडी आणि महिन्याकाठी दोन मिनिटांची तपासणी, एवढ्यावर मुलाचे रक्षण पुष्कळ अंशी साधता येते.