पाऊस अडवणारं, पण न दिसणारं छप्पर

‘द सिम्स 4’ या संगणकावरच्या खेळात एक घर बांधा. त्यावर उतरतं कौलारू छप्पर चढवा, आढं हवं तेवढं उंच ओढा. मग आभाळ भरून आलं, सरी कोसळू लागल्या, की ते अख्खं छप्पर काढून टाका. भिंती उघड्या-बोडक्या दिसतील, पण आत एक थेंब येणार नाही. पलंग कोरडा, स्वयंपाकाचा ओटा कोरडा, माणसं निवांत जेवत बसलेली. आपण इतक्या हौसेनं निवडलेली कौलं पाऊस अडवत नव्हतीच. ते काम दुसरंच एक छप्पर करत होतं, जे कधी दिसतच नाही.

हा खेळ मुळात घरांबद्दलचाच. 1991च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत ओकलंड आणि बर्कलीच्या टेकड्यांवर भयंकर वणवा पेटला. 25 माणसं गेली, हजारो घरं जळाली. वाऱ्यानं उडालेले निखारे लाकडी फळ्यांच्या छपरांवर पडत आणि घरामागून घर पेट घेई. जळालेल्यांत विल राइट या खेळरचनाकाराचंही घर होतं. संसार नव्यानं मांडताना, माणसाला नेमकं काय काय लागतं, हा प्रश्न त्याच्या मनात घर करून राहिला. ख्रिस्तोफर अलेक्झांडरच्या ‘अ पॅटर्न लँग्वेज’ या 1977च्या वास्तुशास्त्रावरच्या पुस्तकाचाही त्याच्यावर प्रभाव होता. त्या पुस्तकात आसरा देणाऱ्या छपरावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. राइटला आधी करायचा होता तो घर रचण्याचा खेळ. त्यातली माणसं फक्त घर राहण्याजोगं आहे की नाही, हे सांगायला होती. पुढे तीच खेळाचा जीव झाली आणि 2000 साली ‘द सिम्स’ बाजारात आला.

त्या पहिल्या खेळात पाऊस नव्हता, त्यामुळे छप्पर केवळ शोभेचं असलं तरी काही बिघडत नव्हतं. ऋतू आले ते ‘सिम्स 2’च्या ‘सीझन्स’ या पुरवणीत, 2007 साली. ‘सिम्स 4’ला ते 2018मध्ये मिळाले, आणि त्यांच्यासोबत गारठून मरणं, उष्म्यानं मरणं, अंगावर वीज पडणं हेही आलं. आता ‘आत’ आणि ‘बाहेर’ यांतला फरक जिवाशी आला. आणि इथेच मला या सगळ्यातला सर्वांत सुंदर प्रश्न दिसतो: संगणकाला आत म्हणजे काय, हे कळतं कसं?

आपल्याला तो प्रश्न पडतच नाही. उंबरठा ओलांडला की आपण आत. संगणकाजवळ मात्र असतात फक्त चौकटी आणि त्यांच्या कडांवर उभ्या केलेल्या भिंती. त्यातून ‘खोली’ शोधून काढायची एक जुनी, साधी युक्ती आहे. तिला फ्लड फिल म्हणतात. एका चौकटीत पाणी ओतलंय अशी कल्पना करा. ते शेजारच्या चौकटीत जाईल, तिथून पुढच्या, मध्ये भिंत आली की थांबेल. पसरत पसरत ते अंगणात पोचलं आणि जमिनीच्या हद्दीला टेकलं, तर सुरुवातीची जागा बाहेरची. ते चारी बाजूंनी अडलं, तर ती खोली. भिंतीचा एक तुकडा काढा, खोलीचं क्षणात अंगण होतं. दार लावलं तर मात्र खोली खोलीच राहते, कारण या हिशेबात दारही भिंतच. ‘सिम्स 4’मध्ये शेवटची भिंत जुळली रे जुळली की खोलीवर सपाट छत आपोआप येतं. तेच ते पाऊस अडवणारं छप्पर.

पण नियमानं पाऊस अडवणं आणि डोळ्यांना तो अडलेला दिसणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पडद्यावर अख्ख्या गावाचा पाऊस पाडणं संगणकाला परवडत नाही. म्हणून अनेक खेळांत पाऊस पडतो तो फक्त आपल्या नजरेभोवतीच्या एका छोट्या पेटीत. आपण सरकलो की पेटी सरकते, खाली पोचलेले थेंबच पुन्हा वर नेऊन सोडले जातात. शिवाय खेळ गुपचूप आभाळातून एक चित्र टिपतो. त्यात रंग नसतात, असते ती फक्त उंची: सरळ खाली पडणारा थेंब प्रत्येक ठिकाणी सर्वांत आधी कशावर आपटेल, कौलावर, झाडावर की मातीवर? त्या उंचीच्या खाली थेंब रेखाटायचाच नाही. म्हणजे छप्पर कुठे आहे, हे पावसाच्याच जागी जाऊन पाहायचं! ही कल्पना ज्याला प्रथम सुचली असेल, त्याला मनापासून दाद द्यावीशी वाटते.

‘रिमवर्ल्ड’ या वसाहत वसवण्याच्या खेळात तर सगळा प्रकार उलटा आहे. तिथे आपण सगळं वरून पाहतो, त्यामुळे छप्पर रेखाटलेलंच नसतं. रेखाटलं तर खालचं काही दिसणार नाही. पण नियमात ते पक्कं असतं. आधार सहा चौकटींच्या आत हवा, नाहीतर छप्पर बांधता येत नाही. आधाराची भिंत पाडली तर ते खालच्या माणसांवर कोसळतं. उघड्यावर ठेवलेलं सामान खराब होत जातं आणि पावसात विजेच्या यंत्रांत शॉर्टसर्किट होतं. नुसतं छप्पर असून भिंती नसतील, तर पाऊस अडतो पण थंडी अडत नाही. पडवीत बसून ज्यानं पाऊस पाहिलाय, त्याला हा नियम लगेच पटेल.

आपल्याकडच्या वाड्याचा चौक मात्र या हिशेबांना कोड्यात टाकतो. चहूबाजूंनी भिंती, म्हणून आत. वर मोकळं आभाळ, म्हणून बाहेर. भिंती जुळल्या की ‘सिम्स 4’ त्यालाही खोली समजतो. ‘रिमवर्ल्ड’मध्ये ‘इथे छप्पर नको’ असं जमिनीवर आखून द्यावं लागतं.

मग दिसणाऱ्या छपराचं काम फक्त शोभेचंच का? त्याचा आकार ठरवण्याचंही एक देखणं गणित आहे, आणि त्यात पाणी पुन्हा येतं. घराचा आराखडा कितीही वेडावाकडा असो, त्याच्या सगळ्या कडा सारख्या वेगानं आत सरकवत न्यायच्या. सरकताना कोपरे ज्या रेघा ओढतात, त्याच छपराच्या रेघा: कोपऱ्यातून आढ्याकडे चढणारे तिरके वासे, मधलं आढं, आणि इंग्रजी एल आकाराच्या घरात दोन पाखी आतल्या कोपऱ्यावर भेटतात तिथली घळ. सुतार समान उताराचं छप्पर बांधताना याच रेघांवर लाकूड चढवत आलेत. संगणकाच्या भाषेत ही रचना 1995मध्ये आइखहोल्झर, आउरेनहामर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. तिचं नाव स्ट्रेट स्केलेटन. तिचा एक गुण सिद्ध झालेला आहे. अशा छपरावर पाणी साचायला खळगाच तयार होत नाही. थेंब कुठेही पडो, तो ज्या पाख्यावर पडला, त्याच पाख्याच्या वळचणीपर्यंत वाहत जाऊन पागोळी होऊन गळतो.