विश्लेषण : २९ लढती, २९ विजय आणि ३२व्या वर्षी निवृत्ती... खबीब नुरमागोमेदोव अपराजित कसा राहिला?

मिश्र मार्शल आर्ट्स (एमएमए) या खेळात एक नेमका ठोसा किंवा गळ्याभोवती पडलेला एक हात काही सेकंदांत निकाल लावतो. त्यामुळे मोठमोठ्या विजेत्यांच्या खात्यावरही पराभव असतातच. रशियातील दागेस्तानचा लाइटवेट लढवय्या खबीब नुरमागोमेदोव याला अपवाद ठरला. २००८ ते २०२० या काळात तो २९ लढती खेळला आणि सर्व जिंकला. मात्र या विक्रमामागे दुखापती, वजनाशी झगडा आणि न झालेल्या लढतींचाही मोठा इतिहास आहे.

खबीब घडला कसा?

खबीबचा जन्म २० सप्टेंबर १९८८ रोजी दागेस्तानमधील सिल्दी या डोंगराळ गावात झाला. कुस्ती हा या प्रांताचा श्वासच. टोक्यो ऑलिम्पिकमध्ये ५७ किलो गटाच्या अंतिम फेरीत भारताच्या रवी दहियाला नमवणारा झावूर उगुएव्हही दागेस्तानचाच. खबीबचे वडील अब्दुलमनाप हेच त्याचे पहिले प्रशिक्षक. घरातच गावातील मुलांना ते तालीम देत. आधी कुस्ती, मग ज्युडो आणि त्यानंतर कॉम्बॅट साम्बो असा खबीबचा प्रवास झाला. साम्बो हा सोव्हिएत काळात विकसित झालेला, शस्त्राविना स्वसंरक्षणाचा प्रकार. त्याच्या कॉम्बॅट प्रकारात पकडींबरोबर ठोसे आणि लाथांनाही परवानगी असते. खबीबने २००९ आणि २०१०मध्ये त्याचे जागतिक विजेतेपद मिळवले. रशिया आणि युक्रेनमध्ये सलग १६ व्यावसायिक लढती जिंकून जानेवारी २०१२मध्ये त्याने अमेरिकेतील यूएफसी या सर्वांत मोठ्या स्पर्धामालिकेत पदार्पण केले.

‘लाइटवेट’ इतका अवघड का?

या गटाची वजनमर्यादा १५५ पौंड, म्हणजे सुमारे ७०.३ किलो. त्यावरचा वेल्टरवेट गट १७० पौंडांचा. मधल्या १५ पौंडांच्या दरीमुळे एरवी ८० किलोंच्या आसपास वजन असणारे अनेक जण लाइटवेटमध्ये उतरतात. वजन लढतीच्या आदल्या दिवशी होते. त्यासाठी शेवटच्या काही दिवसांत आहार आणि मीठ तोडणे, पाणी बंद करणे, गरम पाण्याच्या टबात किंवा सॉनामध्ये बसून घाम काढणे असे प्रकार केले जातात. वजन झाले, की पाणी आणि अन्न घेऊन शरीर पुन्हा भरायचे आणि दुसऱ्या दिवशी पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या खेळायच्या. विजेतेपदाची लढत असेल तर पाच फेऱ्या. यात शरीरातील पाणी धोकादायक पातळीपर्यंत घटू शकते आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. खबीबच्या कारकीर्दीतील सर्वांत चिवट प्रतिस्पर्धी हा वजनकाटाच होता, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

डाव सर्वांना ठाऊक होता, मग उत्तर का सापडले नाही?

खबीबची पद्धत लपलेली नव्हती. प्रतिस्पर्ध्याला पिंजऱ्याच्या जाळीपर्यंत रेटायचे, एकेरी किंवा दुहेरी पट काढून खाली घ्यायचे आणि उठू द्यायचे नाही. खरे वेगळेपण यानंतर सुरू व्हायचे. तो प्रतिस्पर्ध्याचे पाय आपल्या पायांत अडकवून ठेवायचा आणि ज्या हातावर भार देऊन तो उठू पाहतो, त्याच हाताचे मनगट पाठीमागून पकडायचा. या पकडीला ‘दागेस्तानी हातकडी’ असे नाव पडले. एक हात अडकल्यावर उरलेल्या हाताने ठोसे अडवायचे की जमिनीचा आधार घ्यायचा, असा पेच समोरच्यापुढे उभा राहायचा. दोन्हींत दमछाक ठरलेली. मे २०१३मध्ये एबल ट्रुहियोविरुद्ध त्याने तीन फेऱ्यांत तब्बल २१ वेळा प्रतिस्पर्ध्याला खाली घेतले. हा यूएफसीमधील विक्रम ठरला. गंमत म्हणजे, त्याच लढतीआधी त्याचे वजन मर्यादेपेक्षा जास्त भरले होते. एकूण २९ विजयांपैकी ११ पकडीने शरणागती पत्करायला लावून, आठ ठोशांच्या जोरावर आणि १० पंचांच्या निर्णयाने मिळाले.

विजेतेपदाला इतका उशीर का झाला?

एप्रिल २०१४मध्ये त्याने पुढे विजेता ठरलेल्या राफाएल दोस आंजोसला हरवले. मात्र त्यानंतर गुडघा आणि बरगडीच्या दुखापतींमुळे दोन वर्षे तो पिंजऱ्यात उतरू शकला नाही. मार्च २०१७मध्ये टोनी फर्ग्युसनविरुद्धच्या लढतीच्या आदल्या दिवशी वजन घटवताना प्रकृती बिघडल्याने त्याला रुग्णालयात न्यावे लागले आणि लढत रद्द झाली. खबीब-फर्ग्युसन ही लढत एकूण पाच वेळा ठरली आणि पाचही वेळा बारगळली. कधी खबीबची दुखापत, कधी फर्ग्युसनचे आजारपण किंवा गुडघा, तर शेवटी २०२०मध्ये करोना. अखेर ७ एप्रिल २०१८ रोजी ब्रुकलिनमध्ये ऐनवेळी बदली म्हणून आलेल्या अल आयक्विंटाला नमवून खबीब लाइटवेट विजेता झाला.

मॅकग्रेगरविरुद्ध काय घडले?

ब्रुकलिनमधील त्या लढतीच्या दोन दिवस आधी आयर्लंडचा कॉनर मॅकग्रेगर आणि त्याच्या साथीदारांनी खबीब बसलेल्या बसवर हल्ला केला. त्यानंतरच्या शाब्दिक चकमकींत खबीबचा धर्म, देश आणि वडील यांनाही ओढण्यात आले. ६ ऑक्टोबर २०१८ रोजी लास व्हेगासमध्ये चौथ्या फेरीत खबीबने मॅकग्रेगरला शरण आणले. पण लगेच जाळीवरून उडी मारून तो मॅकग्रेगरच्या साथीदारावर धावून गेला. मोठी हाणामारी झाली. नेवाडा राज्याच्या क्रीडा आयोगाने खबीबला नऊ महिने बंदी आणि पाच लाख डॉलर दंड ठोठावला, तर मॅकग्रेगरला सहा महिने बंदी आणि ५० हजार डॉलर दंड झाला. यूएफसीच्या माहितीनुसार ही लढत सुमारे २४ लाख जणांनी पैसे मोजून घरबसल्या पाहिली. सर्वांत मोठा विजय आणि सर्वांत मोठी नाचक्की एकाच रात्री खबीबच्या वाट्याला आली.

शिखरावर असताना निवृत्ती का?

जुलै २०२०मध्ये करोनानंतरच्या गुंतागुंतीमुळे अब्दुलमनाप यांचे निधन झाले. त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला अबू धाबीत खबीबची गाठ जस्टिन गेचीशी पडली. या लढतीच्या काही आठवडे आधी त्याच्या पायाचे बोट मोडले होते, असे यूएफसीचे प्रमुख डेना व्हाइट यांनी नंतर सांगितले. दुसऱ्या फेरीत खबीबने पायांची कैची गेचीच्या गळ्याभोवती आवळली आणि लढत संपवली. मग हातमोजे पिंजऱ्याच्या मध्यभागी ठेवून त्याने निवृत्ती जाहीर केली. वडील नसताना ही शेवटचीच लढत असेल, असा शब्द आईला दिल्याचे त्याने सांगितले. यूएफसीने मन वळवण्याचे बरेच प्रयत्न केले. मात्र तो बधला नाही आणि मार्च २०२१मध्ये विजेतेपद अधिकृतपणे रिक्त झाले.

विक्रमाबाबत आक्षेप कोणते?

यूएफसीपूर्वीच्या १६ लढतींत तुल्यबळ प्रतिस्पर्धी कमी होते, विजेतेपद केवळ तीनदाच राखले आणि फर्ग्युसनशी गाठ पडलीच नाही, हे प्रमुख आक्षेप. त्यात तथ्य आहे. पण विजेतेपद राखताना त्याने मॅकग्रेगर, डस्टिन पॉरिये आणि गेची या आघाडीच्या तिघांना पकडीनेच संपवले, हेही खरे. दुखापतींनी अनेक वर्षे हिरावली, तरी उतरणीला लागण्याआधी थांबल्यामुळे पराभवाचा रकाना कोराच राहिला. एमएमएमध्ये अनेक दिग्गज एक-दोन लढती जास्त खेळून तो रकाना भरतात.

पुढे काय झाले?

खबीबने वडिलांप्रमाणेच प्रशिक्षणाची धुरा घेतली. अब्दुलमनाप यांचाच शिष्य आणि खबीबचा बालमित्र इस्लाम मखाचेव ऑक्टोबर २०२२मध्ये लाइटवेट विजेता झाला. त्याच वर्षी खबीबचा यूएफसीच्या हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. भारतासाठीही हा गट परका नाही. उत्तराखंडच्या अंशुल जुबलीने फेब्रुवारी २०२३मध्ये ‘रोड टू यूएफसी’ स्पर्धेचे लाइटवेट जेतेपद पटकावून यूएफसीचा करार मिळवला. मात्र ऑक्टोबर २०२३मध्ये माइक ब्रीडनविरुद्ध पहिल्याच मोठ्या परीक्षेत तो पराभूत झाला. कुस्तीची परंपरा भारताकडेही आहे. पण त्या कुस्तीला लहान वयातच ज्युडो, साम्बो आणि ठोशांच्या सरावाची जोड देणारी तालीम दागेस्तानने उभी केली, ती आपल्याकडे अजून रुजायची आहे.