‘ईच ऑफ अस’ म्हणजे कोण कोण?

दुपारी दोनला कॅश काउंटर बंद झाले आणि तीनच्या सुमारास गुरुजी शाखेत आले. हातात बँकेची नोटीस आणि वहीचे फाडलेले एक पान. १९८७ सालची गोष्ट. मी तेव्हा एका खेड्यातल्या शाखेत फील्ड ऑफिसर होतो. गुरुजी गावातल्या शाळेचे मुख्याध्यापक. एका शेतकऱ्याने डिझेल इंजिनासाठी कर्ज काढले, त्याला गुरुजी आणि गावातला किराणा दुकानदार असे दोघे जामीन राहिले होते. कर्जदाराने दोन हप्ते भरले आणि तो मुंबईला निघून गेला. इंजिन त्याआधीच गेले होते, कुठे ते कोणी सांगेना. मग बँकेने रीतीप्रमाणे तिघांनाही नोटिसा काढल्या. अकरा हजार चारशे रुपये, अधिक पुढील व्याज.

गुरुजींनी वहीचे पान माझ्यापुढे सरकवले. त्यावर भागाकार केलेला होता. ‘‘साहेब, आम्ही तिघं. माझ्या वाटणीचे तीन हजार आठशे. घ्या भरून.’’

मी कपाटातून कर्जरोखा काढला. छापील इंग्रजी, बारीक टाइप, खाली तिघांच्या सह्या. मी ओळीवर बोट ठेवले : ‘वुई अँड ईच ऑफ अस’. गुरुजींनी चष्मा लावून ओळ वाचली आणि हसले. ‘‘अहो, मीही सातवीला इंग्रजी शिकवतो. ईच म्हणजे प्रत्येक. ऑफ अस म्हणजे आमच्यापैकी. प्रत्येकी तीन हजार आठशे. मी वेगळं काय म्हणतोय?’’

शब्दाला शब्द लावून गुरुजींचे भाषांतर बिनचूक होते, आणि तरीही ते संपूर्ण अकरा हजार चारशेला बांधले गेले होते.

हे असे का होते, याचा विचार मी पुढे बरीच वर्षे करत राहिलो. नोकरी बँकेची आणि नाद लिहिण्याचा, त्यामुळे फॉर्मवरच्या भाषेकडे जरा जास्तच लक्ष जायचे. इंग्रजीतली सर्वनामे दिसतात सोपी. आय, यू, वुई, संपले. पण ही सर्वनामे एकटी असताना फार थोडे सांगतात. ‘वुई’ म्हणजे नेमके कोण? मराठीत ‘आम्ही जेवायला जातो’ म्हटले की समोरच्याने घरी जावे, आणि ‘आपण जेवायला जाऊ’ म्हटले की त्याने चपला घालाव्यात. इंग्रजीतल्या ‘वुई’वरून मात्र पाहुण्याला काही कळत नाही. तमिळ आणि तेलुगूत हा भेद आहे, गुजरातीत ‘अमे’ आणि ‘आपणे’ आहे. आपल्याला ही ठेव दक्षिणेच्या शेजारातून मिळाली असे भाषाभ्यासक मानतात.

मग इंग्रज माणूस काय करतो? सर्वनामाच्या मागे एक शेपूट बांधतो. ‘वुई इन द ब्रँच’, ‘यू अॅट द बॅक’, ‘दोज ऑफ अस’, ‘ऑल ऑफ यू’. इन, अॅट, ऑफ ही शब्दयोगी अव्ययांची चिमुकली मंडळी. आपल्याकडे ती नामाच्या मागे येतात, त्यांच्याकडे पुढे. पण सर्वनामात कोण आत आणि कोण बाहेर, हे तीच ठरवतात. मुख्य कार्यालयाच्या परिपत्रकात ‘वुई अॅट हेड ऑफिस’ असे आले की आम्ही शाखावाले ओळखायचो, आता काम आपल्याला आहे. ‘ऑल ऑफ अस’ आले की समजायचे, ठेवी वाढवण्याचे उद्दिष्ट आले. नफ्यातला ‘वुई’ आणि वसुलीतला ‘वुई’ एकच, असे मला तरी कधी आढळले नाही.

राज्यघटनेच्या उद्देशिकेची सुरुवात याच घडणीची आहे. सर्वनाम आणि त्यामागे ‘ऑफ’ लावून जोडलेले देशाचे नाव. १७८७च्या अमेरिकी घटनेचा वळसा तोच. आपल्या उद्देशिकेच्या हिंदी रूपात ‘हम’ आले, तिथे प्रश्नच नव्हता. मराठी करणाऱ्याला मात्र निवड करावी लागली असणार, आणि त्याने ‘आम्ही’ निवडले. ते बरोबरच वाटते; जगाला सांगायचे तर ‘आम्ही’च हवे. पण ही घटना आपण स्वतःलाच देतो आहोत, हे त्याच वाक्याच्या शेवटी येते. तिथपर्यंत पोचल्यावर ‘आपण’ची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

या शेपटांची बारकी गंमत पाहायची तर ‘टू ऑफ अस’ आणि ‘द टू ऑफ अस’ शेजारी ठेवून पाहावे. पहिल्याचा अर्थ आमच्यापैकी दोघे. घरात आणखी माणसे आहेत. दुसऱ्याचा अर्थ आम्ही दोघेच. तिसरे कोणी नाही. फरक केवळ एका ‘द’चा. रेन आणि मार्टिनच्या व्याकरणावर वाढलेल्या आमच्या पिढीला ‘द’ कुठे लावावा याचे नियम पाठ होते, पण एवढ्याशा ‘द’मुळे घरातली माणसे कमी-जास्त होतात हे मला शाळेत कोणी सांगितले नव्हते. संयुक्त खाते उघडणाऱ्या जोडप्यांना मी हे आवर्जून समजावत असे. ‘बोथ ऑफ अस’ म्हणजे दोघांच्या सह्या लागतील. ‘आयदर ऑफ अस’ म्हणजे कोणा एकाची पुरेल. ‘‘काय फरक पडतो, आम्ही एकच,’’ असे नवरे म्हणत. बायका सहसा गप्प बसून फॉर्म नीट वाचत.

चुकाही इथेच होतात, आणि साहेबाच्याही होतात. ‘बिटवीन यू अँड आय’ हा प्रयोग घ्या. नियमाने ‘बिटवीन’ नंतर ‘मी’ हवा. ‘विथ आय’ म्हटले तर शिकलेल्या इंग्रजाच्या कानाला खडा लागतो. पण मध्ये ‘अँड’ आला, सर्वनामांची जोडी झाली, की तोल जातो. लहानपणी ‘मी अँड जॉन वेंट’ म्हटले की आई दटावते, ‘जॉन अँड आय’ म्हण. मूल त्यातून एवढेच शिकते की ‘अँड’ नंतर ‘आय’ सभ्य असतो, आणि मग तो सगळीकडे लावत सुटते. १९९२च्या निवडणुकीत बिल क्लिंटन यांनी मतदारांना ‘अल गोर अँड आय’ यांना संधी द्या म्हणून विनवले, तेव्हा पंडितांनी नाके मुरडली होती. भाषाशास्त्रज्ञ स्टीव्हन पिंकर यांनी दोनच वर्षांनी त्यांची बाजू घेतली : जोडीचा व्याकरणधर्म एकट्याच्या धर्माहून वेगळा असू शकतो. मराठी माणसाची अशी धांदल होत नाही. ‘तुझ्यामाझ्यात’ म्हणताना दोन्ही सर्वनामे मुकाट्याने वाकतात. दोन वर्षांचे पोरही ‘मीकडे’ न म्हणता ‘माझ्याकडे’ म्हणते.

हा प्रयोग नवाही नाही. शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मध्ये संकटात सापडलेला अँटोनिओ मित्राला पत्र लिहितो, त्यात ‘बिटवीन’ नंतर ‘आय’च आहे. चारशे वर्षांपूर्वीची ही ‘चूक’. मला यातले व्याकरण कमी आणि मजकूर जास्त खुपतो. मित्राच्या गरजेसाठी रोख्यावर सही करून बसलेला हा माणूस मित्राला लिहितो की आपल्या दोघांतले सारे देणे फिटले. दोघांतले फिटले असेल. सावकाराचे कुठे फिटले होते?

गुरुजींचेही नेमके हेच झाले होते. १८७२च्या भारतीय करार कायद्याच्या त्रेचाळिसाव्या कलमाप्रमाणे, वेगळे काही ठरले नसेल तर, अनेकांनी मिळून दिलेले वचन त्यांपैकी कोणाही एकाकडून पुरेपूर वसूल करता येते. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच, हे १२८वे कलम. म्हणजे ‘ईच ऑफ अस’ हे मराठीतले ‘प्रत्येकी’ नव्हे. ‘प्रत्येकी’त वाटणी आहे, तिथल्या ‘ईच’मध्ये प्रत्येक जण अख्खा आहे. वाटणीला कायद्यात जागा आहे, पण ती देणेकऱ्यांच्या आपसात. एका जामीनदाराने सगळे भरले तर तो दुसऱ्याकडून निम्मे मागू शकतो आणि मूळ कर्जदाराकडून सगळेच. गुरुजींचा भागाकार ‘बिटवीन अस’चा होता, बँकेची नोटीस ‘टू द बँक’ची.

हे मी आज सांगतो. त्या दिवशी फक्त पूर्वार्ध सांगितला. दुकानदाराकडून निम्मे मागता येतील, हे सांगायचे राहिले. वसुलीचा महिना होता, मार्च. आणखी एक गोष्ट मी त्या दिवशी बोटाखाली झाकली. रोख्याच्या शेवटी एक छापील ओळ होती, की हा मजकूर सही करणाऱ्यांना मराठीत वाचून समजावून सांगितला आहे. त्याखाली सही माझी होती. सह्यांच्या दिवशी शाखेत गर्दी होती आणि मी ‘‘इथं, इथं आणि इथं’’ एवढेच मराठी बोललो होतो.

गुरुजींनी वाद घातला नाही. पगारातून दरमहा भरत राहिले. दोनेक वर्षांनी खाते पुरे झाले तेव्हा मी ‘टू हूम इट मे कन्सर्न’ असे वर टाइप केलेला दाखला त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो परत सरकवला. ‘‘मराठीत द्या.’’ मराठी नमुना नव्हता. बँकेच्या कागदावर मी हाताने लिहिले, ‘सदर कर्जापोटी आपल्याकडून आता काहीही येणे नाही.’

गुरुजींनी ते दोनदा वाचले. ‘‘यातल्या ‘आपल्याकडून’मध्ये कोण कोण आलं, साहेब? मी एकटा, की आपण सगळे?’’

‘‘तुम्ही, गुरुजी.’’

‘‘मग तसं लिहा,’’ ते म्हणाले. मी ‘आपल्याकडून’ खोडले, वर त्यांचे पूर्ण नाव लिहिले आणि खाडाखोडीवर सही केली.