रडारच्या पडद्यावर छोटी नौका कशी दिसते?

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या आईल ऑफ वाइट बेटावरून २० ऑगस्ट २००६ च्या सायंकाळी ‘ऊझो’ नावाची शिडाची छोटी नौका डार्टमथच्या दिशेने निघाली. सुमारे २५ फूट लांबीच्या या नौकेवर तिघे जण होते. त्याच रात्री ‘प्राइड ऑफ बिल्बाओ’ ही महाकाय प्रवासी फेरी पोर्ट्समथहून स्पेनकडे चालली होती. मध्यरात्र उलटून गेल्यावर फेरीवरील टेहळ्याला अगदी समोर, हाकेच्या अंतरावर एका नौकेचा दिवा दिसला. फेरी तातडीने वळविण्यात आली. मात्र ‘ऊझो’वरील तिघेही वाचू शकले नाहीत. नौकेला फेरीची धडक तरी बसली असावी किंवा फेरी अगदी जवळून गेल्याने उसळलेल्या लाटांनी तरी ती बुडाली असावी, असा निष्कर्ष ब्रिटनच्या सागरी अपघात अन्वेषण विभागाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात काढला. फेरीच्या रडारवर ही नौका आढळली नव्हती.

या अहवालात दिवे, टेहळणी अशा अनेक बाबींची चर्चा आहे. मात्र हौशी नाविकांच्या जगात त्यानंतर सर्वाधिक बोलले गेले ते एका साध्या, स्वस्त आणि गृहीत धरल्या गेलेल्या वस्तूबद्दल. ती वस्तू म्हणजे रडार परावर्तक. तो नौकेवर असणे आणि त्याचा उपयोग होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या निमित्ताने पुढे आले.

छोटी नौका रडारला का दिसत नाही?

जहाजावरील रडार रेडिओ लहरी सोडते आणि एखाद्या वस्तूवर आदळून परतलेल्या लहरींवरून ती वस्तू पडद्यावर दाखविते. पोलादी मालवाहू जहाजाकडून भरपूर लहरी परततात. हौशी नौका बहुधा फायबरची असते आणि फायबरमधून या लहरी जवळजवळ आरपार जातात. लाकडाकडूनही फारसे काही परतत नाही. अॅल्युमिनियमची डोलकाठी धातूची असली, तरी ती गोल आणि गुळगुळीत असते. नौका वाऱ्याने कलली की तिच्यावर आदळलेल्या लहरी रडारकडे परतण्याऐवजी आकाशाकडे किंवा पाण्याकडे फेकल्या जातात.

त्यात भर पडते लाटांची. खवळलेल्या समुद्रात प्रत्येक लाटेकडून थोड्याफार लहरी परततात आणि पडदा ठिपक्यांनी भरून जातो. हे ठिपके कमी करण्यासाठी जहाजावरील अधिकारी रडारची संवेदनशीलता घटवितो किंवा यंत्रणा ते काम आपोआप करते. अशा वेळी लाटांच्या ठिपक्यांबरोबर छोट्या नौकेचा ठिपकाही पुसला जाण्याची शक्यता असते.

वेळही फारसा हाताशी नसतो. २० नॉट वेगाने येणारे जहाज तीन सागरी मैलांचे अंतर अवघ्या नऊ मिनिटांत कापते. नौका समोरून पाच नॉट वेगाने येत असेल, तर हा अवधी सात मिनिटांवर येतो. तेवढ्यात जहाजावरील अधिकाऱ्याने ठिपका पाहायचा, ओळखायचा आणि जहाज वळवायचे असते.

तीन पत्र्यांची करामत

परावर्तकामागील तत्त्व सोपे आहे. खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन जशी परस्परांशी काटकोनात मिळतात, तसे धातूचे तीन पत्रे जोडले, तर त्या कोपऱ्यात शिरलेली लहर तिन्ही पत्र्यांवर आदळून ज्या दिशेने आली त्याच दिशेने परत जाते. असे आठ कोपरे पाठीला पाठ लावून जोडले की पारंपरिक अष्टफलक परावर्तक तयार होतो.

यात आकाराला निर्णायक महत्त्व आहे. कोपऱ्याची लांबी दुप्पट केली, तर रडारला जाणवणारे त्याचे क्षेत्रफळ दुप्पट नव्हे, तर सोळापट होते. उलट लांबी निम्मी केली की तेच क्षेत्रफळ सोळाव्या हिश्श्यावर येते. डोलकाठीच्या तारेला सहज बांधता येणाऱ्या, दिसायला सुबक अशा बारीक नळीतील परावर्तकांची अडचण नेमकी हीच आहे. आत कोपरे कितीही बसविले, तरी प्रत्येक कोपरा अगदीच लहान राहतो.

‘ऊझो’च्या तपासाच्या निमित्ताने क्विनेटिक या ब्रिटिश संस्थेने बाजारातील परावर्तकांच्या चाचण्या केल्या. चार इंच व्यासाची नळी समाधानकारक कामगिरी करू शकली नाही. दोन इंची नळीकडून तर त्याहूनही कमी अपेक्षा ठेवावी लागेल, असे निष्पन्न झाले. निकृष्ट परावर्तक लावूच नयेत, कारण त्यांमुळे आपण दिसत आहोत असा खोटा दिलासा नाविकाला मिळू शकतो, असा इशाराही त्या अहवालात देण्यात आला.

कसा आणि कुठे बसवावा?

अष्टफलक परावर्तक एखाद्या टोकाला दोरी बांधून लोंबकळत ठेवणे ही सर्रास आढळणारी चूक आहे. त्या स्थितीत त्याचे कोपरे आडव्या दिशेने येणाऱ्या लहरींना नीट सामोरे जात नाहीत. परावर्तक सपाट जमिनीवर ठेवला असता तो ज्या स्थितीत स्थिर बसतो, तीच त्याची योग्य स्थिती होय. या वेळी एक कोपरा वाटीसारखा थेट वर उघडा राहतो, जणू पावसाचे पाणी साठविण्यासाठीच. म्हणून या स्थितीला ‘पाऊस झेलणारी’ स्थिती म्हटले जाते.

परावर्तक पाण्यापासून किमान चार मीटर उंचीवर असावा, असा संकेत सागरी शर्यतींच्या नियमांत आहे. उंचीचा मुख्य फायदा क्षितिजापलीकडे दिसण्यात नसून लाटांच्या वर राहण्यात आहे. डेकवरील कठड्याला बांधलेला परावर्तक दोन मीटरच्या लाटांमध्ये वारंवार झाकला जातो. मात्र फार जड परावर्तक डोलकाठीच्या अगदी टोकाशी बसविल्यास नौका अधिक कलते. त्यामुळे मधला मार्ग काढावा लागतो.

तो हलणार वा फिरणार नाही असा घट्ट बसविणे आवश्यक आहे. पत्रे वाकले किंवा खाचांतून सैल झाले, तर काटकोन बिघडतो आणि परतणारी लहर भलतीकडे जाते. डोलकाठीला लागून बसविलेल्या परावर्तकाची एक बाजू डोलकाठीच्याच आड येते, हेही ध्यानात ठेवावे लागते. शिवाय नौका जास्त कलल्यावर अनेक परावर्तकांची क्षमता झपाट्याने घसरते. हंगामाच्या सुरुवातीला ओळखीच्या जहाजाला किंवा रडार असलेल्या मित्राच्या बोटीला रेडिओवरून ‘आम्ही दिसतो का?’ असे विचारून घेणे ही सर्वांत साधी परीक्षा होय.

सक्रिय यंत्रे आणि त्यांच्या मर्यादा

आलेली रडार लहर पकडून तीच अधिक जोरकसपणे परत पाठविणारी विजेवर चालणारी यंत्रेही मिळतात. क्विनेटिकच्या चाचण्यांत असे यंत्र सरस ठरले होते. परंतु बॅटरी संपली की ते निरुपयोगी ठरते. जहाजांवर सुमारे तीन आणि सुमारे दहा सेंटिमीटर लांबीच्या लहरी वापरणारी दोन प्रकारची रडार असतात. काही यंत्रे केवळ पहिल्या प्रकाराला प्रतिसाद देतात. मुसळधार पावसात मोठी जहाजे मात्र दुसऱ्या प्रकारावर अधिक विसंबतात. त्या रडारला साधा परावर्तकही सुमारे दहापटीने लहान भासतो.

स्वतःचे स्थान प्रसारित करणारी एआयएस यंत्रणा आता छोट्या नौकांवरही दिसू लागली आहे. ती उपयुक्त असली तरी तीही विजेवरच अवलंबून असते. १५० टनांखालील नौकांनी शक्य असल्यास रडार परावर्तक किंवा तत्सम साधन बाळगावे, अशी तरतूद सागरी सुरक्षेसंबंधीच्या ‘सोलास’ या आंतरराष्ट्रीय करारातच आहे.

गेट वेसमोरचा धडा

गेट वे ऑफ इंडियासमोर नांगरलेल्या शिडाच्या नौकांनाही हा प्रश्न परका नाही. मुंबई बंदर आणि न्हावाशेवा येथे जाणारी अवजड जहाजे ज्या पाण्यातून ये-जा करतात, त्याच पाण्याजवळ हौशी नाविक शिडे उभारतात. मोठे जहाज चटकन थांबू शकत नाही आणि अरुंद जलमार्गात त्याला वळायलाही जागा नसते. अशा वेळी चांगला परावर्तक जहाजाला आपली दखल घेण्याची संधी देतो. ती दखल घेतली जाईलच, याची हमी मात्र देत नाही. म्हणूनच परावर्तक मोठा घ्यावा, उंच व घट्ट बसवावा आणि तो बसविल्यानंतरही आपण दिसत नाही असे समजूनच सुकाणू धरावे, हेच शहाणपणाचे ठरते.