पक्षकाराची गोष्ट कुणाकुणाच्या हातून जाते

१८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याचं कलम १२६ प्रत्येक वकिलाला तोंडपाठ असे. पक्षकारानं कामापोटी सांगितलेली गोष्ट, दाखवलेला कागद, दिलेला सल्ला यांतलं काहीही पक्षकाराच्या स्पष्ट संमतीशिवाय बाहेर काढायचं नाही; वकीलपत्र संपलं, माणूस गेला, तरी नाही. त्याच्या खालचं कलम १२७ मात्र फारसं कुणी वाचत नसे. वकिलावरचं हे बंधन त्याच्या कारकुनावर, नोकरावर आणि दुभाष्यावरही आहे, एवढंच ते सांगे. मुंबई-पुण्याच्या वकिलाला आयुष्यभर या कलमाची गरज पडली नसेल. गडचिरोलीत रोजचं कामकाज त्याच्याच भरवशावर चाले.

भामरागड किंवा एटापल्ली तालुक्यातली माडिया आदिवासी बाई वकिलाच्या टेबलासमोर बसते, तेव्हा ती बोलते माडियात. सोबत आलेला भाचा किंवा गावातला शिकलेला पोरगा ते मराठीत सांगतो. ज्युनियर ते कायद्याच्या भाषेत लिहून घेतो, मुन्शी किंवा टायपिस्ट टाइप करतो. वकिलाच्या कपाटात पोचेपर्यंत तिची गोष्ट वकील धरून चार जणांच्या कानांवरून गेलेली असते. त्यातला भाचा हा कायद्याच्या लेखी दुभाषा आहे आणि आज ऐकलेलं चावडीवर, बाजारात, पोलीस ठाण्यात बोलायला त्याला मनाई आहे, हे त्याला सहसा कुणी सांगितलेलं नसतं. गडचिरोली आणि चंद्रपूर या दोन जिल्ह्यांतल्या वकिली कार्यालयांचा गेल्या चार दशकांचा मागोवा घेताना माझं लक्ष पुन्हा पुन्हा या भाच्याकडेच जातं. गुपित राखण्याची चर्चा कायम वकिलाभोवती झाली. ते फुटण्याच्या जागा वकिलाच्या आजूबाजूला होत्या.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे दोन भाग होऊन गडचिरोली जिल्हा झाला. तोवर सिरोंच्या-अहेरीच्या माणसालाही जिल्ह्याच्या कामासाठी चंद्रपूर गाठावं लागे. नवा जिल्हा झाला तरी अंतरं फारशी आटली नाहीत. भामरागडाहून गडचिरोली दीडशे किलोमीटरहून लांब, आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की तालुकाच तुटतो. अशा ठिकाणाहून आलेला पक्षकार सातबारा, जातीचा दाखला, राशनकार्ड, जमानतदाराचे कागद असं सगळं वकिलाकडे ठेवून जाई. पुढच्या तारखेला पुन्हा तेच ओझं आणायचं कशाला, आणि गावी ठेवलं तर ते शाबूत राहील याचा भरवसा काय! त्यामुळे इथल्या जुन्या वकिलाच्या कपाटात खटल्याच्या कागदांबरोबर कुटुंबाची सगळी कागदी ओळखच साठत गेली. चंद्रपुरात ‘लॉ फर्म’ म्हणजे तरी काय? एक सीनियर, दोन-तीन ज्युनियर, एक मुन्शी, एक संगणक आणि लोखंडी कपाट. किल्ली मुन्शीकडे.

या कपाटात काय-काय आलं, ते जिल्ह्याच्या इतिहासाबरोबर बदलत गेलं. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी, चंद्रपुरात २०१५ ते २०२१. त्या काळात दारूच्या केसेसचे ढीग लागले आणि तक्रार करणाऱ्या बायांची नावंही त्या कागदांत आली. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर दाव्यांसोबत वंशावळी, वडीलधाऱ्यांचे जबाब, गावाच्या हद्दींचे नकाशे आले. कोळसा खाणींच्या भूसंपादनात मोबदल्याचे आकडे आणि बँक पासबुकं आली. अत्याचाराच्या खटल्यात पीडितेचं नाव छापायला कायद्यानं बंदी आहे, पण तिच्या जबाबाची झेरॉक्स काढताना दुकानदार ती वाचतोच.

आणि सगळ्यांत नाजूक कागद होते दहशतवादविरोधी टाडा कायद्याचे, पुढे यूएपीएचे. १९८० च्या दशकापासून या जंगलात नक्षल चळवळ आणि पोलीस यांच्या मधोमध गाव सापडलं. पोलिसांचा खबऱ्या असल्याच्या संशयावरून माओवाद्यांनी इथं अनेक गावकऱ्यांची हत्या केली. नक्षल्यांना जेवण दिल्याच्या संशयावरून अनेक गावकरी तुरुंगात गेले. आपल्याला कुणी धमकावलं, कुणी कुणाला ओळखतं, रात्री घरी कोण आलं होतं, हे आरोपी खरं सांगतो ते फक्त वकिलाला. ते टिपलेली वकिलाची नोंदवही या बाजूच्या हाती लागली तर अटक आणि त्या बाजूच्या हाती लागली तर मरण. शहरातल्या पक्षकाराची माहिती फुटली तर त्याचे पैसे जातात, अब्रू जाते. इथं तिची किंमत जिवानं मोजावी लागू शकते. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी नेता भूपती आणि त्याच्या सुमारे साठ साथीदारांनी गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली. चळवळ ओसरली तरी हा धोका लगेच संपत नाही. शरण आलेल्या माणसावरचे जुने गुन्हे कोर्टात असतातच, आणि त्याच्या वकिलाच्या फायलीत ज्यांची नावं आहेत ते लोक अजून त्याच गावांत राहतात.

कच्चा कैदी आणि वकील यांनी बोलायचं कुठं, हा प्रश्नही जुनाच. १८९४ च्या तुरुंग कायद्याचं कलम ४० म्हणतं की, कच्च्या कैद्याला त्याच्या वकिलाशी तिसरं कुणी हजर नसताना भेटता येईल. चंद्रपूरच्या किंवा नागपूरच्या तुरुंगातल्या गोंडी-माडिया बोलणाऱ्या कैद्याला मात्र तिसरा माणूस लागतोच, कारण त्याच्याशिवाय संवादच होत नाही. तो कुणी आणायचा? दुसरा कैदीच दुभाषा झाला तर गुपित बराकीभर होतं. व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवर तारखा सुरू झाल्यापासून आरोपीला प्रत्यक्ष आणणं कमी झालं आणि कोर्टाच्या व्हरांड्यात वकिलाशी कुजबुजायची जी पाच मिनिटं मिळत, तीही गेली. पडद्यावर बोलायचं तर बाजूला शिपाई उभा. या बदलाची भरपाई कुणी केली नाही, आणि मला ती मोठी हानी वाटते.

२०१० नंतर कपाट हळूहळू खिशात आलं. एफआयआरचा फोटो, आधारकार्ड, वैद्यकीय अहवाल सगळं व्हॉट्सॲपवर येऊ लागलं. दूरच्या पक्षकाराचा एक हेलपाटा वाचला, हे खरंच. पण एकच फोटो पक्षकाराच्या, पुतण्याच्या, ज्युनियरच्या आणि टायपिस्टच्या फोनमध्ये राहिला. फोन विकला गेला, बदलला गेला, तरी तो कुणी पुसला नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली २०११ मध्ये संवेदनशील माहितीचे नियम आले होते, पण जिल्हा कोर्टाच्या आवारात त्यांचं नावही कुणी काढलं नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तेव्हा तो निकालही इथं आधारपुरताच वाचला गेला.

धक्का बसला तो २०१८ मध्ये. नागपूरचे ॲड. सुरेंद्र गडलिंग हे गडचिरोलीतल्या आदिवासींचे आणि यूएपीएतल्या आरोपींचे वकील. गडचिरोलीच्या सत्र न्यायालयानं ७ मार्च २०१७ रोजी ज्यांना जन्मठेप दिली आणि उच्च न्यायालयानं २०२४ मध्ये ज्यांची निर्दोष मुक्तता केली, त्या प्रा. जी. एन. साईबाबांचा बचावही त्यांनीच केला होता. १७ एप्रिल २०१८ रोजी एल्गार परिषदेच्या तपासात पुणे पोलिसांनी त्यांच्या घरावर छापा घालून संगणकीय साहित्य जप्त केलं, आणि ६ जूनला त्यांना अटक झाली. डिसेंबर २०१६ मध्ये सूरजागडला खाणीची सत्तरहून अधिक वाहनं जाळली गेली, त्या गुन्ह्यातही पुढे त्यांचं नाव आलं. त्यांच्यावरच्या आरोपांचा निवाडा कोर्ट करील. पण इथल्या बार रूममध्ये त्या दिवसांत दुसराच प्रश्न उभा राहायला हवा होता: वकिलाचा संगणक उचलला जातो, तेव्हा त्यातल्या बाकीच्या सगळ्या पक्षकारांचं काय? ज्यांचा त्या गुन्ह्याशी काडीचा संबंध नाही, त्यांची टिपणं, जबाब, बचावाचे मुद्देही त्याच हार्ड डिस्कवर. ते वेगळे काढण्याची रीत तेव्हा ठरलेलीच नव्हती.

ऑक्टोबर २०१९ मध्ये पेगॅसस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरचं प्रकरण फुटलं. व्हॉट्सॲपनं ज्यांना इशारा पाठवला, त्यांत गडलिंग यांच्यासोबत काम केलेले आणि नंतर त्यांचाच बचाव करणारे नागपूरचे ॲड. निहालसिंग राठोड होते. जुलै २०२१ मध्ये आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकन प्रयोगशाळेचा अहवाल आला. गडलिंग यांचा संगणक फेब्रुवारी २०१६ पासून वीस महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या कुणाच्या ताब्यात होता आणि १४ दस्तऐवज त्यात बाहेरून टाकले गेले, असा तिचा निष्कर्ष होता. शिरकाव झाला तो ओळखीच्या माणसांच्या नावानं आलेल्या ईमेलमधून. हे विश्लेषण बचाव पक्षाच्या विनंतीवरून झालं, तपास यंत्रणेला ते मान्य नाही, आणि त्याची परीक्षा खटल्यात व्हायची आहे. तरी निष्कर्षाचा अर्धा भाग प्रत्येक वकिलानं मनावर घ्यायला हवा होता. संगणकात काही टाकता येत असेल, तर त्यातलं वाचताही येतं. त्या वीस महिन्यांत ज्या-ज्या पक्षकाराचा कागद तिथं होता, तो प्रत्येक जण उघडा पडलेला असू शकतो. त्यांना हे कुणी कळवलं का, हा प्रश्न मी तेव्हा कुठंही वाचला नाही.

रीत ठरायला २०२५ उजाडलं, आणि ती ठरली अमरावतीचे सुपुत्र, तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठासमोर. निमित्त गडचिरोलीचं नव्हतं. गुजरातेतल्या एका वकिलाला पोलिसांनी पाठवलेलं समन्स आणि दोन ज्येष्ठ वकिलांना ईडीनं पाठवलेली समन्सं यांवरून न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली होती. ३१ ऑक्टोबरच्या निकालानुसार, पक्षकाराची माहिती काढण्यासाठी तपास अधिकाऱ्याला वकिलाला बोलावता येत नाही. कायद्यातल्या अपवादात प्रकरण बसत असेल, तर ते समन्समध्ये लिहून द्यायचं आणि किमान पोलीस अधीक्षक दर्जाच्या वरिष्ठाची लेखी मंजुरी घ्यायची. वकिलाचं डिजिटल साधन हवं असेल, तर ते थेट कोर्टासमोर हजर करायला लावायचं. पक्षकाराला नोटीस द्यायची, हरकती ऐकायच्या, साधन उघडायचं ते वकील, पक्षकार आणि त्यांच्या पसंतीचा तज्ज्ञ यांच्या समक्ष, आणि इतर पक्षकारांची गोपनीयता सांभाळायची. २०१८ मध्ये विचारायला हवा होता, त्या प्रश्नाचं उत्तर साडेसात वर्षांनी मिळालं. दरम्यान १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमानं घेतली. कलम १३२ मध्ये वकिलावरचं बंधन आलं, आणि दुभाषे व कर्मचारी त्याच कलमाच्या एका पोटकलमात आले.

आता डिजिटल वैयक्तिक माहितीच्या २०२३ च्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आहेत, आणि त्यातली मुख्य बंधनं तेव्हापासून १८ महिन्यांनी लागू होतील. चंद्रपुरातल्या छोट्या कार्यालयांना यातलं एक कलम नीट वाचावं लागेल. कायदेशीर हक्क किंवा दावा बजावण्यासाठी लागणाऱ्या माहितीला कलम १७ नं बरीचशी सूट दिली आहे. माहिती सुरक्षित ठेवण्याचं बंधन मात्र सुटत नाही. त्यात कसूर झाली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत. पण माहिती फुटल्यास ज्याची ती आहे त्याला कळवण्याचं बंधन या सुटीत वगळलं गेलं आहे. म्हणजे बँकेतून ग्राहकाचा तपशील फुटला तर त्याला कळवलं जाईल, आणि वकिलाच्या लॅपटॉपमधून एटापल्लीच्या साक्षीदाराचं नाव फुटलं तर त्याला कळवायला हा कायदा कुणाला भाग पाडणार नाही. ज्याला सगळ्यांत आधी सावध व्हायला हवं, तोच सगळ्यांत शेवटी राहतो. ही फट संसदेनं बुजवावी, असं माझं ठाम मत आहे. तोवर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलला वकिलांपुरता स्वतःचा दंडक घालता येईल: फायलीतलं काही बाहेर गेल्याचं समजलं की पक्षकाराला त्याच आठवड्यात, त्याला कळेल त्या भाषेत, आणि या वेळी त्याच्या भाच्याला मध्ये न घालता, शपथ दिलेल्या दुभाष्याकडून सांगायचं.