संगणक सुरू होताना मागून कोण उठते?

मुंबईत सांताक्रूझच्या पूर्वेला, द्रुतगती महामार्गालगत वाकोला ही दाट वस्ती आहे. जवळच कलिन्याला विद्यापीठाचे आवार. गावाकडची कितीतरी मुले या भागात खोली घेऊन राहतात आणि सुटीत येताना एखादा वापरलेला संगणक घरी आणून ठेवतात. त्यावर सातबारा दिसतो, पीकविम्याचा अर्ज भरता येतो, बँकेचे खातेही उघडते. म्हणूनच त्यात कोण वस्तीला आहे हे घरच्यांना ठाऊक हवे.

संगणक चालू झाला की काही प्रोग्राम न सांगता जागे होतात. त्यांची यादी पाहणे अवघड नाही. विंडोज असलेल्या संगणकावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यातला ‘स्टार्टअप’ हा भाग पाहा. तिथे प्रोग्रामचे नाव व बहुधा तो करणाऱ्या कंपनीचे नाव दिसते.

अनोळखी नाव दिसले म्हणून लगेच घाबरू नका. ‘रिअलटेक’ आवाजासाठी असते, ‘विंडोज सिक्युरिटी’ राखणीसाठी. तण काढताना पीक उपटले जाऊ नये, तसेच हे आहे. शंका आली तर नावावर उजवे बटण दाबून फाईल कुठे आहे ते पाहा. कंपनीचे नाव नाही आणि फाईल ‘टेम्प’ फोल्डरमध्ये आहे, तर सावध व्हा. अशा वेळी ‘डिसेबल’ करा. त्याने प्रोग्राम पुसला जात नाही, फक्त आपोआप उठायचा थांबतो. चूक झाली तर पुन्हा चालू करता येतो. मग विंडोज सिक्युरिटीकडून पूर्ण तपासणी करून घ्या.

‘एनीडेस्क’सारखे नाव दिसले तर कुणी बसवले ते घरात विचारा. याने दुसऱ्या गावचा माणूस तुमचा पडदा पाहू शकतो. ते चांगल्या कामालाही लागते, पण याच्या आडून होणाऱ्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ साली सावध केले होते.

ओळखीच्या वाटेनेही चोर येतो. जून २०१७ मध्ये युक्रेनमधील हिशेबाच्या एका प्रोग्रामच्या सुधारित आवृत्तीबरोबर घातक विषाणू पसरला आणि आपली द्राक्षे-कांदा जिथून परदेशी जातात त्या न्हावाशेवा बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प झाले. तेव्हा घरचे कागद वेगळ्या पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा आणि तो एरवी संगणकाला लावून ठेवू नका.

संशय पक्का असेल तर प्रथम इंटरनेट तोडा. बँकेचा पासवर्ड दुसऱ्या, खात्रीच्या यंत्रावरून बदला. पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर फोन करा आणि बँकेलाही कळवा. जितकी लवकर तक्रार, तितकी पैसे अडवण्याची आशा अधिक. आज संध्याकाळी मुलांना शेजारी बसवून ती यादी एकदा वाचून काढा.