थांबवलेल्या जीपमधला प्रवासी

ई-चलानावर हरकत कशी घ्यायची, हे या आठवड्यात सांगायचे ठरले होते. ते पुढच्या खेपेला. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३० वरचा माझा लेख वाचून श्रीगोंद्याच्या एका वाचकाने पाठवलेला प्रश्न आधी घेण्यासारखा आहे. चालकाने गणवेशातल्या पोलिसाला परवाना दाखवायचा, हे त्यांना पटले. पण श्रीगोंद्याहून काष्टीमार्गे दौंडला निघालेल्या काळी-पिवळी जीपमध्ये मागे बसलेल्या माणसाचे काय? गाडी अडवली, चालक कागद काढू लागला, तेवढ्यात मागच्यांना नाव-गाव विचारले, कुणाला पिशवी उघडायला लावली आणि शेवटी सगळ्यांना खाली उतरवून जीप ठाण्यात नेली. यातले कायद्याने किती आणि सवयीने किती, असे त्यांनी विचारले आहे. प्रश्न इतका रास्त आहे की सगळा लेख त्यालाच देतो.

माझे म्हणणे असे, की वाहतूक तपासणीत पोलिसांना जो अधिकार मिळतो तो चालकाच्या कर्तव्यातून मिळतो आणि चालकापुरताच असतो. प्रवाशाला हात लावायचा तर वेगळे कारण लागते. १९८८ चा मोटार वाहन कायदा हे जागोजागी दाखवतो. परवाना मागायचा तो चालकाचा, फार तर वाहकाचा. कलम २०३ ची श्वासचाचणी जो गाडी चालवतो किंवा चालवू पाहतो त्याचीच. शेजारी बसलेला कितीही प्यायलेला असो, ते यंत्र या कलमाखाली त्याच्या तोंडापुढे धरता येत नाही. एवढेच नव्हे, प्रवाशाच्या स्वतःच्या चुकीचा भारही कायदा बहुतेक वेळा चालकावर टाकतो. दुचाकीवर मागे बसणाऱ्याने हेल्मेट घालावे असे कलम १२९ सांगते, पण त्याने ते घातले नाही तर १९४ड चा हजार रुपयांचा दंड गाडी चालवणाऱ्याला किंवा ती तशी चालवू देणाऱ्याला होतो. पट्टा न लावलेला प्रवासी नेला म्हणून १९४ब चालकालाच धरते. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळच्या अपघातात सायरस मिस्त्री गेले, मागच्या सीटच्या पट्ट्याची देशभर चर्चा झाली, तरी कलमाची ही रचना तशीच राहिली.

मग नाव सांगायचे की नाही? कलम २०२ म्हणते, या कायद्याखालचा गुन्हा करणाऱ्याने नाव-पत्ता सांगायला नकार दिला तर त्याला विनावॉरंट अटक करता येते. जीपच्या टपावर किंवा पायरीवर बसून जाणारा कलम १२३ मोडतो. हा त्याचा स्वतःचा गुन्हा आहे आणि त्याला नाव सांगावेच लागेल. एसटीत विनातिकीट सापडलेल्याचेही तेच. आत सीटवर बसलेल्या, भाडे देणाऱ्या माणसाने मात्र काहीच केलेले नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३९ सुद्धा अदखलपात्र गुन्हा केलेल्या किंवा तसा आरोप असलेल्या माणसाच्या नावाबद्दलच बोलते. पोलिसाला विचारायला मनाई नाही, पण अशा प्रवाशाने न सांगणे एवढ्यावरून अटक होऊ शकत नाही. मी स्वतः नाव सांगून मोकळे होण्याच्या बाजूचा आहे. रात्रभर नाकाबंदीवर उभ्या असलेल्या हवालदाराशी हुज्जत घालून कुणाचे भले होत नाही. पण हे सौजन्य आहे, सक्ती नाही, हे दोघांनाही ठाऊक असले पाहिजे.

पिशवीचा मामला अधिक गंभीर आहे. संहितेच्या कलम १८५ प्रमाणे झडती घ्यायची तर एखाद्या गुन्ह्याचा तपास चालू हवा, झडतीची गरज का वाटते याला सयुक्तिक आधार हवा आणि ती कारणे लेखी नोंदवायला हवीत. अमली पदार्थविरोधी कायद्याचे कलम ४३ सार्वजनिक वाहनातही झडती घेऊ देते, पण तिथेही संशयाला कारण लागते. अंगझडती असेल तर ती राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा मॅजिस्ट्रेटसमोर व्हावी असे मागण्याचा हक्क त्याच कायद्याचे कलम ५० देते. हातातल्या पिशवीला मात्र हे संरक्षण नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये पवनकुमार खटल्यात स्पष्ट केले. बाईची अंगझडती बाईनेच घ्यायची, यात अपवाद नाही. यावर कुणी म्हणेल, इतकी बंधने घातली तर गांजा आणि गावठी कट्टे नेणारे प्रवासी बनूनच फिरतील. पण खबर असेल, वास येत असेल, कुणी गाडी थांबताच पळू लागला असेल, तर अधिकार पुरेपूर आहेतच. बारा जणांच्या पिशव्या उगाच उपसण्याचा अधिकार तेवढा नाही. आणि नुसते गाडीत असणे म्हणजे माल ताब्यात असणे नव्हे. पंजाबातल्या अवतारसिंग खटल्यात (२००२) ट्रकमधल्या अफूच्या बोंडांच्या पोत्यांवर बसलेली माणसेदेखील सर्वोच्च न्यायालयाने सोडली, कारण मालाशी त्यांचा संबंध सिद्ध झाला नव्हता.

इथे अमेरिकेशी तुलना उपयोगाची आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये ब्रेंडलिन खटल्यात एकमताने ठरवले, की पोलिसाने गाडी थांबवली म्हणजे प्रवाशालाही थांबवले. थांबवणे बेकायदा असेल तर तो प्रवासीही दाद मागू शकतो आणि सापडलेला पुरावा बाद करून घेऊ शकतो. आपल्याकडे १९७४ च्या पूरणमल निकालापासून वाट वेगळी आहे: झडती नियमबाह्य असली तरी तेवढ्यावरून पुरावा सहसा बाद होत नाही. म्हणून आपल्या प्रवाशाला कोर्टात मिळणारा आधार पातळ आहे. आधार हवा तो जागेवरच, कलमाच्या शब्दांत.

असे एक कलम आहे, आणि ते जवळजवळ कुणाला माहीत नाही याचे मला मनापासून वाईट वाटते. २०१९ च्या दुरुस्तीने आलेले १९४अ. प्रवासी वाहनात परवानगीपेक्षा जास्त माणसे भरली तर जादा प्रवाशामागे २०० रुपये दंड, हे पुष्कळांनी ऐकलेले असते. पण त्याला परंतुक आहे: जादा प्रवासी उतरवून त्यांच्यासाठी पर्यायी वाहनाची व्यवस्था झाल्याशिवाय ती गाडी हलू द्यायची नाही. एका वाक्यात दोन अटी आहेत. पावती फाडून खचाखच भरलेली जीप तशीच सोडली तर पहिली अट मोडली. जादा माणसे फाट्यावर उतरवून जीप सोडली तर दुसरी मोडली. उन्हात पोरे-बोचकी घेऊन उभ्या राहिलेल्या माणसांचा विचार संसदेने केला होता, तो चलानाच्या पावतीवर उतरत नाही इतकेच.

व्यवस्था कोणी करायची, हे कलम सांगत नाही, आणि हीच त्याची कच्ची बाजू. दोन पोलिसांनी आडरानात गाडी कुठून आणायची, हा आक्षेप खरा आहे. माझे उत्तर असे: गाडी हलवायची घाई मालकाला आहे, तेव्हा खर्च आणि धावपळ त्याची. पोलिसाचे काम व्यवस्था झाली की नाही हे पाहणे आणि मागून येणाऱ्या एसटीला हात करणे. दुसरा आक्षेप, की माणसे जादा बसलीच कशाला? बसणाऱ्याला या कलमात दंडच नाही. संसदेने दोष चालवणाऱ्यावर ठेवला आहे. आणि एसटीचा संप चालू असताना, नोव्हेंबर २०२१ मध्ये, राज्य सरकारनेच खासगी बस, शाळांच्या बस आणि मालवाहू गाड्यांनाही प्रवासी नेण्याची परवानगी दिली होती. प्रवासी अडकून पडू नये हे सरकारला तेव्हा कळले होते. पण परवाना नाही म्हणून कलम २०७ खाली अख्खी जीप जप्त होते, तेव्हा आतल्या प्रवाशांबद्दल कायदा काहीच बोलत नाही. वाचकाच्या प्रश्नातली जीप बहुधा अशीच नेली गेली असावी. दोन जादा प्रवाशांना सोय मिळते आणि हक्काने बसलेल्या दहांना नाही, ही विसंगती दुरुस्त व्हायला हवी. तोवर पोलिसांनी १९४अ चीच रीत तिथे पाळावी.

साखर कारखान्यांच्या हंगामात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून येणाऱ्या ऊसतोड कुटुंबांचा प्रश्न याला लागूनच आहे, पण त्याला स्वतंत्र लेख लागेल. श्रीगोंदा, काष्टी, बेलवंडीकडच्या वाचकांना एवढीच विनंती: जादा प्रवासी म्हणून उतरवले तर वाद न घालता उतरा, तो अधिकार पोलिसांना आहे. मग १९४अ चे नाव घेऊन शांतपणे सांगा, की आमची पुढची गाडी येईपर्यंत ही जीप इथेच थांबली पाहिजे.